कर्नल नवा, मोडेम गप्प: बागेतल्या डायल-अपची दुरुस्ती

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात थंडीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा बागेत नेमकं किती तापमान होतं हे कळणं मोलाचं असतं. त्यासाठी बागेत जी पेटी बसवतात, तिच्यात बहुधा एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि सिमकार्ड घातलेला मोडेम असतो. हा मोडेम इंटरनेटला जोडला जातो तो पुष्कळदा डायल-अपनेच. टेलिफोनची तार गेली, पण आधी क्रमांक फिरवायचा, पलीकडून ‘कनेक्ट’ असं उत्तर आलं की पीपीपी हा प्रोटोकॉल (दोन टोकांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत) सुरू करायचा, ही रीत तशीच राहिली. एक्स्चेंजच्या क्रमांकाच्या जागी *९९# आला, एवढाच फरक. दर पंधरा मिनिटांनी २०० बाइटची एक नोंद धरली तर दिवसाच्या ९६ नोंदींचे १९,२०० बाइट होतात. एवढ्या कामाला टूजीचा वेगसुद्धा पुरून उरतो.

अशी पेटी महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते. मग कुणीतरी पेटीतली लिनक्स ही प्रणाली अपग्रेड करतं, नवा कर्नल (तिचा गाभा, जो उपकरणं चालवतो) येतो, पेटी रीस्टार्ट होते आणि नोंदी यायच्या थांबतात.

इथे पहिली धाव रिचार्ज तपासण्याकडे, एपीएन (सिमच्या इंटरनेटसाठी मोबाइल कंपनीने दिलेलं नाव) बदलण्याकडे, अँटेना फिरवण्याकडे जाते. हे आधी करू नये. कर्नल बदलल्याने ज्या गोष्टी बिघडू शकतात त्या मोजक्या आहेत: उपकरणाचं नाव, त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) आणि पीपीपीची मॉड्यूल्स (कर्नलमध्ये गरजेनुसार घातले जाणारे तुकडे). सिममधली शिल्लक, पासवर्ड, टॉवर यांच्याशी कर्नलचा काही संबंध नसतो. चालत असलेल्या गोष्टी बदलत गेलं की एका बिघाडाचे दोन होतात आणि मग मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी जोडणी लागत नाही.

म्हणून सुरुवात जुन्या कर्नलपासून करावी. डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार असलेल्या संगणकावर सुरू होतानाच्या ग्रब मेनूत (इथे कुठला कर्नल चालवायचा ते निवडता येतं) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल शिल्लक असतो. तो निवडून पाहावा. जोडणी लागली तर दोष नव्या कर्नलच्या बाजूला आहे हे ठरलं, आणि न लागली तर कर्नलला सोडून बाकीचं तपासायला आपण मोकळे. रास्पबेरी पायवर असा मेनू नसतो. तिथे अपग्रेडपूर्वी काढून ठेवलेली एसडी कार्डाची प्रत घालून हीच परीक्षा दोन मिनिटांत होते. प्रत नसेल तर पुढची वाट लांबची आहे.

(खाली कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, बहुतेक लहान अक्षरांत करावीत. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या कमांड आणि ‘कॉन्फिग_पीपीपी_असिंक’ मात्र मोठ्या अक्षरांत; पोर्टच्या नावांत ‘टीटीवाय’नंतरची अक्षरं मोठी, आणि ‘मोडेममॅनेजर’मधले दोन्ही ‘एम’ मोठे.)

चालू कर्नलची आवृत्ती ‘युनेम -आर’ने कळते. नेमक्या त्याच नावाचं फोल्डर ‘/लिब/मॉड्यूल्स/’ मध्ये आहे का ते पाहावं. काही प्रणालींत अपग्रेड होताना जुन्या कर्नलची मॉड्यूल्स पुसली जातात, पण रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो. अशा वेळी डोंगल (यूएसबीत खोचायचा मोडेम) काढून पुन्हा लावला तरी ड्रायव्हर सापडत नाही. यावर रीस्टार्ट हाच उपाय आहे.

पुढचा प्रश्न: मोडेम दिसतो का? यूएसबी डोंगल असेल तर जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारं ‘एलएसयूएसबी’ चालवावं. हुआवेच्या डोंगलपुढे १२डी१ आणि झेडटीईच्या डोंगलपुढे १९डी२ हा क्रमांक दिसतो. हे डोंगल लावल्याबरोबर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण विंडोजचं सॉफ्टवेअर त्यांच्या पोटातच ठेवलेलं असतं. ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं छोटं पॅकेज त्यांना मोडेमच्या रूपात आणतं. ते नसेल किंवा अपग्रेडच्या ओघात काढलं गेलं असेल तर डोंगल दिसतो, दिवा लुकलुकतो, पण ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ तयार होत नाही. हुआवेच्या बऱ्याच डोंगलांचा क्रमांक सीडी असताना १२डी१:१४४६ असतो आणि मोडेम झाल्यावर कोलननंतरचा भाग बदलतो. तो बदलला नसेल तर दोष इथेच आहे.

मोडेमचं रूप आलं, पण पोर्टचा नंबर बदलला, हा प्रकार त्याहून जास्त घडतो. एका डोंगलमध्ये तीन-चार पोर्ट असतात: एक डेटाचं, एक नियंत्रणाचं, एखादं तपासणीचं. कर्नलला उपकरणं ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने तो नंबर देतो, आणि हा क्रम नव्या कर्नलमध्ये तोच राहील याची हमी कुणी दिलेली नाही. कालचं टीटीवाययूएसबी० आज टीटीवाययूएसबी२ झालं की डायल करणारा प्रोग्राम भलत्याच पोर्टशी बोलत बसतो. यासाठी सेटिंगमध्ये नंबर कधीच लिहू नये. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी/’ या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टचं कंपनी आणि मॉडेलवरून बनलेलं कायमचं नाव असतं, ते लिहावं. एवढी एक ओळ बदलली तरी पुढच्या कित्येक अपग्रेडमध्ये हा त्रास होत नाही.

डोंगलऐवजी मोडेम रास्पबेरी पायच्या पिनांना थेट जोडला असेल तर नावांचा घोळ वेगळा आहे. २०१६ साली आलेल्या पाय ३ मध्ये (आणि पाय ४ मध्येही) चांगला सीरियल पोर्ट, म्हणजे टीटीवायएएमए०, ब्लूटूथकडे गेला आणि पिनांवर टीटीवायएस० हा साधा पोर्ट आला. या साध्या पोर्टचा वेग प्रोसेसरच्या आतल्या घड्याळावर अवलंबून असतो; घड्याळ स्थिर नसेल तर अक्षरं विस्कटतात. सेटिंगमध्ये ‘/डेव्ह/सीरियल०’ हे नाव वापरावं, आणि ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाइलीत ‘एनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ आहे याची खात्री करावी. ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’मध्ये ‘कन्सोल=सीरियल०,११५२००’ हा तुकडा असेल तर तो काढावा; नाहीतर कर्नल आपले मेसेज त्याच पोर्टवरून मोडेमला पाठवत राहतो. एक सापळा खास मोठ्या अपग्रेडचा आहे. रास्पबेरी पायच्या प्रणालीच्या २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून या दोन्ही फाइली ‘/बूट’मधून ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये गेल्या. जुन्या जागी केलेला बदल जतन होतो, पण पाय तो वाचत नाही.

आता ड्रायव्हर. लिनक्सच्या मूळ साठ्यातले ड्रायव्हर कर्नलबरोबरच नव्याने तयार होऊन येतात, त्यांची चिंता नसते. डोंगलसाठीचा ‘ऑप्शन’, यूएसबी-सीरियल केबलसाठीचे ‘एफटीडीआय_एसआयओ’ आणि ‘पीएल२३०३’, काही यूएसबी मोडेमसाठीचा ‘सीडीसी_एसीएम’ हे सगळे तसे आहेत. उबुंटूत मात्र बरेच ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि नव्या कर्नलसोबत ते आलं नसेल तर पोर्ट तयारच होत नाही.

खरं दुखणं आहे ते बाहेरून आणून बसवलेल्या ड्रायव्हरचं. जुन्या संगणकांतले आतल्या कार्डावरचे टेलिफोन मोडेम बहुतांशी अर्धे असत. आवाजाचं अंकांत रूपांतर करण्याचं बरंचसं काम ते संगणकाच्या प्रोसेसरवर टाकत, आणि ते काम करणारा ड्रायव्हर कंपनी देत असे. त्याचा निम्मा भाग बंदिस्त असे. लिनक्समध्ये प्रत्येक मॉड्यूलवर तो कुठल्या कर्नलसाठी तयार झाला याची खूण असते: आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार, काही महत्त्वाची सेटिंग. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक जुळला नाही तर तलाठी फेरफार नोंदवत नाही, तसा कर्नलही खूण न जुळलेलं मॉड्यूल आत घेत नाही आणि ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून परत पाठवतो. जबरदस्तीने आत घालण्याची सोय आहे, पण ती वापरू नये. कर्नलच्या आतली रचना आवृत्तीगणिक बदलते, आणि जुन्या रचनेवर बेतलेलं मॉड्यूल मेमरीतल्या भलत्या जागी लिहून अख्खी प्रणाली गोठवू शकतं.

मूळ प्रोग्राम हाताशी असेल तर नव्या कर्नलची ‘हेडर्स’ (ड्रायव्हर तयार करताना लागणाऱ्या त्याच्या फाइली) बसवून ड्रायव्हर पुन्हा तयार करावा. ‘डीकेएमएस’ वापरलं तर प्रत्येक अपग्रेडला हे आपोआप होतं. सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम सुरू होताना अडवणारी सोय) चालू असलेल्या संगणकावर असं घरी बनवलेलं मॉड्यूल सहीशिवाय चालत नाही. ‘की वॉज रिजेक्टेड’ असा मेसेज आला तर तो त्याबद्दल आहे. पण कर्नल २.४ किंवा २.६ च्या काळातला बंदिस्त ड्रायव्हर आजच्या कर्नलवर बसवण्याच्या मागे लागू नये. ज्या ठिकाणी अजून टेलिफोनच्या तारेवरूनच जोडायचं आहे, तिथे पूर्ण मोडेम घ्यावा: सीरियल केबलचा बाहेरचा, किंवा युएस रोबोटिक्सच्या ५६३७ सारखा यूएसबीचा, जो सीडीसी_एसीएमवर चालतो आणि ‘टीटीवायएसीएम०’ म्हणून दिसतो. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून अपग्रेडने तो बंद पडत नाही.

पोर्ट आहे, ड्रायव्हर आहे, आता मोडेमशी हाताने बोलून पाहावं. ‘पिकोकॉम -बी ११५२००’ पुढे पोर्टचं नाव देऊन ‘एटी’ टाइप केलं की ‘ओके’ यायला हवं. पोर्ट ‘बिझी’ असल्याचं कळलं तर ‘मोडेममॅनेजर’ ही सेवा पोर्ट धरून बसली असण्याची शक्यता मोठी. अपग्रेडबरोबर ती कधीकधी नव्याने येते. ‘सिस्टमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ करून पुन्हा पाहावं. ‘ओके’ आलं की ‘एटी+सीएसक्यू’ विचारावं. उत्तरातला पहिला आकडा ० ते ३१ मध्ये असतो. त्याची दुप्पट करून ११३ मधून वजा केली की सिग्नल उणे किती डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आहे ते मिळतं; १० आकडा म्हणजे उणे ९३. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्याखोऱ्यांत आकडा ५-६ वर आला असेल, किंवा ९९ म्हणजे ‘कळत नाही’ असं उत्तर असेल, तर त्यात कर्नलचा दोष नाही, अँटेना उंच न्यायची आहे. ‘एटी+सीआरईजी?’ला ०,१ आलं तर सिम आपल्या नेटवर्कवर नोंदलं गेलं आहे. ०,५ म्हणजे रोमिंग.

तारेच्या मोडेमवर याच टप्प्याला ‘नो डायलटोन’ येऊ शकतं. भारतातला डायलटोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा असतो. परदेशी टोनसाठी बनवलेल्या मोडेमला तो ओळखू येत नाही. ‘एटीएक्स३’ दिलं की मोडेम टोनची वाट न पाहता डायल करतो. ही ओळ अपग्रेडपूर्वी सेटिंगमध्ये असते आणि नंतर गायब होते, कारण अपग्रेड चालू असताना ‘सेटिंगची फाइल नवी घेऊ की जुनी ठेवू’ असं विचारतात आणि घाईत ‘नवी’ असं उत्तर दिलं जातं. जुनी फाइल ‘.डीपीकेजी-ओल्ड’ अशा शेपटासह त्याच फोल्डरमध्ये सापडते. ‘/ईटीसी/पीपीपी’मध्ये ती आधी शोधावी.

मोडेम ‘कनेक्ट’ म्हणतो आणि तरीही इंटरनेट नाही, अशी स्थिती असेल तर गाडी पीपीपीवर अडली आहे. ‘दिस सिस्टम लॅक्स कर्नल सपोर्ट फॉर पीपीपी’ हा मेसेज आला तर ‘मॉडप्रोब पीपीपी_असिंक’ चालवावं. बाकीची मॉड्यूल्स ते स्वतः ओढून आणतं. हा मेसेज जुना आहे. जानेवारी २००१ मध्ये कर्नल २.४ आला, त्यात पीपीपीचं एकच मॉड्यूल फोडून सामाईक आणि असिंक असे भाग केले गेले, आणि पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रामची जुनी २.३ आवृत्ती नव्या कर्नलवर चालेनाशी झाली. कर्नल आणि त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम एकमेकांच्या जोडीचे असावे लागतात, हे तेव्हापासून बदललेलं नाही. कर्नल स्वतः तयार केला असेल तर ‘/बूट’मधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत ‘कॉन्फिग_पीपीपी_असिंक’पुढे ‘वाय’ किंवा ‘एम’ आहे का ते पाहावं.

एलसीपी म्हणजे पीपीपीची सुरुवातीची बोलणी. ‘एलसीपी टाइमआउट’ म्हणजे आपण बोलतो, पण पलीकडून समजेल असं काही येत नाही. तीनच तारांनी जोडलेल्या मोडेमवर ‘सीआरटीएससीटीएस’ हा (वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगण्याचा) पर्याय चालू असला की हे हमखास होतं, कारण त्याला आणखी दोन तारा लागतात. ‘लूप्ड बॅक’ म्हटलं असेल तर मोडेम डायल न करता आपलंच बोलणं परत पाठवतो आहे. पत्ता मिळाला, पण साइट उघडत नाहीत, तर ‘डिफॉल्टराउट’ (इंटरनेटचा मार्ग याच जोडणीवरून नेणारा) आणि ‘यूजपीअरडीएनएस’ (साइटच्या नावांचे पत्ते शोधणारा सर्व्हर पलीकडून घेणारा) हे पर्याय तपासावेत. दुसऱ्या नेटवर्कचा मार्ग आधीच ठरलेला असेल तर पीपीपीडी तो आपण होऊन बदलत नाही.

अपग्रेडच्या दिवशीच उघडा पडणारा, पण अपग्रेडचा नसलेला एक दोष आहे. सिम८०० जातीच्या मोडेमच्या मॉड्यूलला (इथे मॉड्यूल म्हणजे छोटा सर्किट बोर्ड) ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि प्रक्षेपणाच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. हा क्षण ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो. मल्टिमीटर तेवढ्यात सरासरी दाखवतो आणि सगळं ठीक वाटतं, पण व्होल्टेज घसरून मॉड्यूल बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं असतं. बारीक, लांब तारा आणि उन्हाळ्यात थकलेली बॅटरी असेल तर रीस्टार्टनंतर नेटवर्क शोधताना हे नेमकं घडतं. मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा चांगल्या प्रतीचा कपॅसिटर आणि जाड, आखूड तारा, एवढा त्यावर उपाय आहे.

दूरच्या पेटीसाठी ‘पर्सिस्ट’, ‘मॅक्सफेल ०’, ‘एलसीपी-इको-इंटरव्हल ३०’ आणि ‘एलसीपी-इको-फेल्युअर ४’ हे चार पर्याय लावावेत. मग जोडणी मेली तर दोन मिनिटांत कळतं आणि पीपीपीडी न थकता पुन्हा डायल करत राहतो. आणि ज्या जोडणीवरून आपण पेटीत शिरलो आहोत, तीच तोडू शकेल असं अपग्रेड त्या जोडणीवरून करू नये. ‘एपीटी-मार्क होल्ड’ने कर्नलचं पॅकेज थांबवून ठेवावं. कायमचं मात्र नको, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या कर्नलमधूनच येतात. मृगबागेची लागवड आटोपली की कार्डाची प्रत घेऊन बागेत जावं, होल्ड काढून अपग्रेड करावं, पेटीची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडावी आणि पहिली नोंद सर्व्हरवर पोचल्याचं फोनवर पाहूनच तिथून निघावं.