चहाच्या कपातला एक इलेक्ट्रॉन

जून २०२३ मध्ये बातमी आली की विश्वाचा गुणगुणाट, म्हणजे सगळीकडून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा कल्लोळ, 'ऐकू आला', आणि त्यात पुणे जिल्ह्यातल्या आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा आहे. वाटा खराच आहे, पण ऐकलं कोणीच काही नाही. पोकळीतून आवाज जात नाही. सूर्याचा ॐकार म्हणून मोबाइलवर फिरणारी ध्वनिफीतही कोणी सूर्यावरून ध्वनिमुद्रित केलेली नाही. खोडदला मोजली जाते ती वेळ, आणि ती ज्या बारकाईने मोजतात ते कुठल्याही गुणगुणाटापेक्षा थक्क करणारं आहे.

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. जे१९०९-३७४४ हा पल्सार २.९५ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका आपल्याकडे येतो. पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच सांगता येतं. गुरुत्वीय लहर जाताना अवकाश ताणते-आकसते, त्यामुळे ठोके किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. किंचित म्हणजे किती? सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातले एक-दोन.

खरी अडचण वाटेतच आहे. तारा आणि आपण यांच्यामध्ये मोकळे इलेक्ट्रॉन विखुरलेले आहेत. या पल्सारच्या वाटेवर चहाच्या कपाएवढ्या जागेत सरासरी जेमतेम एक! पण वाट साडेतीन हजार प्रकाशवर्षांहून लांब. रेडिओ लहर इलेक्ट्रॉनला हलवते. लहरीची वारंवारता जितकी कमी, तितका तो लांब झोके घेतो आणि तितका ठोका रखडतो. वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट. १४०० मेगाहर्ट्‌झवर हा उशीर सुमारे २२ मिलिसेकंद, ४०० वर सुमारे २७० मिलिसेकंद. एकाच क्षणी निघालेल्या ठोक्याचे हे दोन भाग पोचण्यात इतकं अंतर पडतं, की तेवढ्यात तारा ८०हून अधिक फेऱ्या मारून मोकळा होतो.

म्हणून ३०० ते ५०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा सरसकट एकत्र केला तर ठोका ०.३ सेकंदांवर फासला जातो आणि काहीच दिसत नाही. पट्ट्याचे बारीक बारीक भाग पाडायचे, प्रत्येकाला त्याच्या उशिराइतकं मागे सरकवायचं, मग बेरीज करायची. याला अपस्करण काढणं म्हणतात.

एवढ्यावर भागत नाही. तारा, पृथ्वी आणि मधला वायू, सगळंच हलतं. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या एक लाखात एकाने बदलली तरी १४०० मेगाहर्ट्‌झवर ठोका सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी दोन भागांनी सरकतो, म्हणजे गुरुत्वीय लहरीइतकाच! नुसत्या १४०० वर पाहणाऱ्याची इथे फसगत होते. ४०० वर तोच बदल बारापट मोठा दिसतो, तिथे तो मोजायचा आणि १४०० च्या वेळेतून वजा करायचा. कमी वारंवारतेत जीएमआरटीइतकी संवेदनशील दुर्बीण असणं इथे कामी येतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पत्र्याच्या नव्हे, अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारांच्या जाळीच्या. भोकं १० ते २० मिलिमीटर; वीस सेंटिमीटरहून लांब लहरींना ती भिंतीसारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला.

चुकाही इथेच होतात. कमी वारंवारतेच्या लहरी वायूत विखुरतात, ठोक्याला शेपूट फुटतं, आणि ते उशिरातच धरलं तर वजाबाकी बिघडते. पल्सार आकाशात सूर्याजवळ आला की सौरवाऱ्याचे इलेक्ट्रॉन भर घालतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा रेडिओ गोंगाट वेगळाच. आणि २०२३ मध्ये हाती आला तो या गुरुत्वीय लहरींचा भक्कम पुरावा, अजून 'शोध' नव्हे.

३००-५०० चं निरीक्षण आज आणि १२६०-१४६० चं पुढच्या आठवड्यात, असंही चालत नाही, कारण तेवढ्यात वाट बदललेली असते. म्हणून खोडदला तबकड्यांचे गट पाडतात आणि दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी एकच तारा पाहतात.