घर दिलं म्हणजे घर सोडलं का? ब्रिटनच्या वारसा करातल्या दोन भेटी

“घर मुलाच्या नावावर केलंय. आता सात वर्षं नीट गेली की इनहेरिटन्स टॅक्सची काळजी नाही.” ब्रिटनमध्ये हयात घालवलेली, एरवी व्यवहाराला चोख असणारी माणसंही हे ठामपणे सांगतात. सात वर्षांचा नियम खरा आहे. पण आईवडील त्याच घरात भाडं न देता राहत असतील, तर ती सात वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या व्यवहारांना आपण ‘भेट’ हा एकच शब्द वापरतो. पहिला प्रकार म्हणजे पोटेन्शियली एक्झेम्प्ट ट्रान्सफर. सल्लागारांच्या तोंडी ‘पेट’. वस्तू दिली आणि तिच्यावरचा हक्क, उपभोग सगळंच सुटलं. त्यानंतर देणारा सात वर्षं जगला, तर भेट कितीही मोठी असो, ती कराच्या हिशेबातून बाहेर पडते. दुसरा प्रकार गिफ्ट विथ रिझर्व्हेशन ऑफ बेनिफिट. इथे कागदावर मालक बदलतो, उपभोग मात्र जुन्याच मालकाकडे राहतो. १९८६च्या फायनान्स ॲक्टमधल्या तरतुदीनुसार असा उपभोग शेवटपर्यंत चालू राहिला, तर वस्तू मृत्यूच्या दिवशी देणाऱ्याचीच होती असं धरतात आणि किंमतही त्याच दिवशीची लावतात. मध्ये वीस वर्षं गेली असली तरी.

मराठीत दान देण्याला ‘उदक सोडणं’ म्हणतात. या कायद्याला नेमकं तेच हवं आहे.

रोख रक्कम दिली की ती बहुधा खरोखरच सुटते. शेअर मुलीच्या नावावर करून लाभांश स्वतःच्या खात्यात घेत राहिलात, तर ते सुटलेले नाहीत. दिलेलं चित्र तुमच्याच भिंतीवर टांगलेलं असेल तर तेही नाही. सगळ्यात अवघड घर, कारण माणसाला राहायला छप्पर लागतंच.

घर देऊनही तिथे राहायचं असेल, तर मुलाला बाजारभावाने पूर्ण भाडं द्यावं लागतं. नावापुरतं भाडं चालत नाही. बाजार वाढला की तेही वाढायला हवं, आणि मुलाला त्यावर आयकर भरावा लागतो. दुसरी वाट म्हणजे घराचा हिस्सा देऊन मुलासह एकत्र राहणं आणि आपल्या वाट्याचा खर्च आपणच उचलणं. मूल दुसरीकडे राहायला गेलं की हे संरक्षण डळमळतं. पाहुणा म्हणून थोडे दिवस येऊन राहायला मात्र हरकत नसते.

दुसऱ्या प्रकारच्या भेटीत आणखी एक फटका आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात जिव्हारी लागणारा. घर आईवडिलांकडून वारशाने मिळालं असतं, तर भांडवली नफा मोजताना मृत्यूच्या दिवसाची किंमत धरली असती. आता ते आधीच मुलाचं आहे, म्हणून नफा भेटीच्या दिवसापासून मोजला जातो. तो स्वतः तिथे राहत नसेल, तर विकताना कॅपिटल गेन्स टॅक्स लागू शकतो. म्हणजे वारसा करही वाचला नाही आणि वर दुसरा कर ओढवला.

‘पेट’बद्दलही एक गैरसमज आहे. तीन वर्षांनंतर कर कमी होत जातो, म्हणजे भेटीची किंमत कमी होत जाते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. देणारा सात वर्षांच्या आत गेला, तर कमी होतो तो कराचा दर, आणि तोही करमुक्त मर्यादेवरच्या रकमेला लागणारा. करमुक्त मर्यादा ३ लाख २५ हजार पौंड आणि पूर्ण दर ४० टक्के. समजा वडिलांनी एकरकमी ४ लाख पौंड दिले, इतर भेटी किंवा सवलती नाहीत, आणि साडेपाच वर्षांनी ते गेले. मर्यादेवरच्या ७५ हजारांवर ४० ऐवजी १६ टक्के लागतात: ३० हजारांऐवजी १२ हजार. ते पहिल्यांदा घेणाऱ्याकडून मागितले जातात. भेट २ लाखांचीच असती, तर तिच्यावर करच नसता, म्हणून ही सूटही निरुपयोगी. शिवाय मर्यादेतले २ लाख तिने खाल्ले. उरलेल्या मालमत्तेसाठी मर्यादेतले १ लाख २५ हजारच शिल्लक.

आधीच घर देऊन तिथेच राहत असाल, तरी वाट बंद झालेली नाही. ज्या दिवशी उपभोग खरोखर सोडाल, त्या दिवशी ती भेट ‘पेट’ बनते आणि सात वर्षं तेव्हापासून मोजली जातात. म्हणून ती तारीख लिहून ठेवा. नव्या पत्त्याची बिलं आणि भाडं देत असाल तर बँकेतल्या नोंदीही जपा. आयएचटी ४०३ हा भेटींचा फॉर्म मृत्यूनंतर भरायचा असतो, आणि घर नेमकं कधी सोडलं हे सांगायला तेव्हा तुम्ही नसता.