वळवाचे वादळ आणि चक्रीवादळ

ठाणे-नवी मुंबईतील घरांत ‘मे महिन्यातले ते वादळ’ असा विषय निघाला की दोन निराळ्या घटनांची सरमिसळ होते: १७ मे २०२१ रोजी समुद्रातूनच गुजरातकडे सरकलेले तौक्ते चक्रीवादळ आणि १३ मे २०२४ रोजी दुपारी धुळीचे लोट उडवीत आलेले, घाटकोपरला अजस्र होर्डिंग कोसळले ते वळवाचे वादळ. आमच्या घरी तर सोसायटीतला उन्मळलेला गुलमोहर आई एका वादळाच्या नावावर टाकते आणि मामा दुसऱ्याच्या.

वळवाच्या ढगातून पडणाऱ्या पावसाचे बाष्पीभवन होताना भोवतालची हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली येऊन जमिनीलगत पसरते, आणि हा सारा प्रकार बहुधा तासाभरात ओसरतो. चक्रीवादळाला मात्र ऊब समुद्राची लागते. सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून उष्ण पाण्याच्या वाफेवर ते दिवसेंदिवस पोसले जाते व शेकडो किलोमीटर पसरते; म्हणूनच त्याची पूर्वसूचना काही दिवस आधी मिळू शकते, वळवाची जेमतेम काही तास.

तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, तोही केंद्र दूर समुद्रात असताना. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात वारा सलगपणे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने वाहत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सव्वादोन पट वेग म्हणजे पाचपट दाब, आणि इथे तर क्षणिक झोताची तुलना सलग वाऱ्याशी आहे, म्हणजे प्रत्यक्ष तफावत याहूनही मोठी. तेव्हा ‘आम्ही चक्रीवादळ पाहिले’ हे ठाणेकरांचे म्हणणे खरे असले, तरी त्यांनी पाहिली ती त्याची कड. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या नातेवाइकांची आठवण याबाबतीत अधिक भरवशाची मानावी.

खरा फरक पाण्याचा आहे. वळीव खाडीची पातळी चढवत नाही. चक्रीवादळ समुद्रच किनाऱ्यावर ढकलते, आणि ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली ती मुख्यतः त्या लाटेने. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली असल्याने पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडले जाते; वादळी उधाणाने खाडी फुगलेलीच राहिली, तर तलावांची दारे उघडण्याइतकी ओहोटी वेळेवर मिळणार नाही आणि पाऊस मात्र कोसळतच राहील.