स्टेलारिस आणि ऑरोरा एका माळेचे मणी नाहीत

"स्टेलारिस आवडला ना? मग ऑरोरा खेळून बघ. तेच आहे, फक्त जास्त अवघड."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मुळातूनच खोडून काढावंसं वाटतं. दोन्ही अंतराळात साम्राज्य उभं करण्याचे कॉम्प्युटर गेम, पण ऑरोरा (पूर्ण नाव ऑरोरा फोरएक्स) हा स्टेलारिसचा थोरला भाऊ नाही. दोन्हींत अंतराळ आहे, खनिजं आहेत, संशोधन आहे, ताफे आहेत. पण एकात कमावलेलं कसब दुसऱ्यात जवळपास उपयोगी पडत नाही. या सल्ल्यापायी माझ्या ओळखीतल्या तिघांनी ऑरोरा उतरवून घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी काढून टाकला. अवघड खेळाची त्यांना भीती नव्हती. त्यांना हवा होता एका जातीचा अवघडपणा आणि हाती आला दुसऱ्याच जातीचा.

स्टेलारिस अनेकांना माहीत असेल. पॅराडॉक्स या कंपनीचा २०१६ सालचा गेम, खेळातल्या २२०० साली सुरुवात, पसरायचं, युती करायच्या, लढायचं. ऑरोरा हा स्टीव्ह वॉम्स्ली या एकाच माणसाने वर्षानुवर्षं घडवलेला गेम. तो फुकट मिळतो, आणि २०२० मध्ये त्याने तो सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहून काढला. चित्रं जवळजवळ नाहीत, तक्ते आणि खिडक्याच आहेत. स्टेलारिसचं घड्याळ पळत असतं, आपण ते थांबवतो. ऑरोरात ५ सेकंदांपासून ३० दिवसांपर्यंत केवढी उडी घ्यायची ते आपण निवडतो. एकात हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांमधले ठरलेले मार्ग, नकाशावर दिसतात; दुसऱ्यात जंप पॉइंट, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घेण्याच्या जागा, सर्वेक्षण करून शोधावे लागतात. या सगळ्याची सवय दोन-चार दिवसांत होते. त्यावर तासन्‌तास वाद घालण्यात काही अर्थ नाही.

खरा फरक जहाजात आहे.

स्टेलारिसमध्ये जहाज म्हणजे ताकद. ताफ्याच्या नावापुढे एक आकडा असतो, आणि तो शत्रूच्या आकड्यापेक्षा मोठा कसा होईल हे बघायचं. जहाजाच्या खाचांमध्ये शस्त्रं, ढाली, चिलखत बसवायचं, नाहीतर ते काम गेमवर सोडून द्यायचं. नवं तंत्रज्ञान आलं की ताफा शिपयार्डला नेऊन अपग्रेड करायचा. इंधन हा प्रकारच नाही. ताफा आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला दहा वर्षं उभा ठेवलात तरी दरमहा खर्च कापला जातो, एवढंच. म्हणून तिथली गुंतागुंत टक्क्यांमध्ये साठत जाते. या परंपरेमुळे अमुक इतकी वाढ, त्या नेत्यामुळे आणखी थोडी, आणि सगळं मिळून तो आकडा.

ऑरोरात जहाज म्हणजे पल्ला. इंजिन तयार मिळत नाही, तेही आपणच आखायचं. केवढं मोठं, त्याला किती जोर लावायचा. जोर वाढवला की इंधनाचा खर्च त्याच्या २.५ व्या घाताने वाढतो. म्हणजे जोर दुप्पट केला तर तेवढ्याच कामाला साडेपाच पटीहून जास्त इंधन जळतं. वेगवान जहाज हवं असेल तर ते लांब जाणार नाही, किंवा शस्त्रांच्या जागी टाक्या भराव्या लागतील. मग खलाशी. ते किती महिने बाहेर राहणार हे आराखड्यातच ठरवायचं असतं. महिने वाढवले की राहण्याची जागा वाढते, जागेबरोबर वजन वाढतं, वजनामुळे वेग घटतो. मुदत उलटली की खलाशांचं मनोधैर्य ढासळू लागतं. यंत्रं बिघडत राहतात, आणि जहाजावरचा दुरुस्तीचा साठा संपला की बिघडलेलं तसंच पडून राहतं. सेन्सर आखतानाही केवढं जहाज शोधायचंय ते आधी ठरवावं लागतं. ५,००० टनांच्या जहाजांसाठी आखलेल्या सेन्सरला छोटी फायटर (लढाऊ यानं) अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत.

आणि हे ठरवून झालं की सहजासहजी मागे फिरता येत नाही. आखलेल्या भागांवर आधी संशोधन, मग शिपयार्ड त्या वर्गाच्या जहाजासाठी सज्ज करणं, मग बांधणी. आराखडा चुकला होता हे कळतं तेव्हा वर्षं उलटलेली असतात आणि जहाज कोट्यवधी किलोमीटर दूर असतं.

माझ्या एका डावात चार विनाशिका दोन जंप पॉइंट ओलांडून पलीकडे गेल्या. जाण्याच्या इंधनाचा हिशेब मी नीट केला होता, परतीचा वरवर. टाक्या कोरड्या पडल्या. इंधन पोहोचवणारा टँकर एकही नव्हता. असलेलं शिपयार्ड विनाशिकांसाठी सज्ज होतं, आणि टँकरचा आराखडा इतका वेगळा की तिथे तो बांधता येईना. शिपयार्ड पुन्हा सज्ज करायला काही महिने, बांधायला काही महिने, पोहोचायला आणखी काही. तोवर चारही जहाजांवरच्या खलाशांची मुदत संपून गेली होती आणि एका जहाजाचं इंजिन कायमचं बंद पडलं होतं. त्या सगळ्या काळात शत्रू नावालाही दिसला नाही. तरीही ती दोन वर्षं मला स्टेलारिसमधल्या कुठल्याही महायुद्धापेक्षा जास्त ठळक आठवतात. माझी ओढ आहे ती याचीच. इथे आजची अडचण मी स्वतः कधीतरी, घाईत, एका आराखड्यात लिहून ठेवलेली असते.

"ऑरोरा म्हणजे नुसती एक्सेलशीट" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्या तक्त्यांतला आकडा कुठल्यातरी ठिकाणी पडलेल्या वस्तूचा असतो. स्टेलारिसमध्ये खनिज काढलं की ते वरच्या पट्टीत जमा होतं आणि त्याच क्षणी साम्राज्यात कुठेही खर्च करता येतं. ऑरोरात ११ खनिजं आहेत. सोरियमपासून इंधन बनतं, इंजिनांना गॅलिसाइट लागतं. मंगळावर खणलेलं गॅलिसाइट मंगळावरच राहतं. ते पृथ्वीवर आणायला मालवाहू जहाज हवं, नाहीतर मास ड्रायव्हर, जो खनिजाची पुडकी अंतराळातून फेकतो. ती झेलायला समोर दुसरा मास ड्रायव्हर नसेल तर पुडकी वस्तीवर आदळतात आणि माणसं मरतात. एक्सेलमध्ये हे होत नाही.

स्टेलारिसला उथळ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. समाजाची मूल्यं, महासंघ, सगळ्या साम्राज्यांची एकत्रित सभा आणि तिथले ठराव, यांत स्टेलारिस खूप पुढे आहे. ऑरोरातली मुत्सद्देगिरी त्याच्यापुढे फिकी आहे. शिवाय ऑरोरात जिंकण्याची अटच नाही. स्टेलारिसमध्ये नेहमीच्या मांडणीत २५०० साली निकाल लागतो, ऑरोरा तुम्ही थांबाल तेव्हा थांबतो. ज्याला शेजारच्या साम्राज्याशी डावपेच लढवायला आवडतात त्याच्या गळ्यात ऑरोरा बांधू नका. पण मोठ्या प्रवासाला निघण्याआधी सामानाची यादी तीनदा तपासणारी माणसं असतात, त्यांच्याकडे स्टेलारिस असो वा नसो, त्यांना ऑरोरा जरूर द्या.

सुरुवात करायची तर पहिल्या डावात परकी साम्राज्यं बंद ठेवा आणि सूर्यमालेतच रमा. आपलेच ग्रह, चंद्र, लघुग्रह, धूमकेतू तिथे आहेत, आणि रसद म्हणजे काय ते शिकायला तेवढे भरपूर आहेत. युद्धनौका नंतर. आधी एक टँकर बांधा, साधा, हळू चालणारा, मोठ्या टाकीचा.