विधी महाविद्यालयाचा प्राचार्य: नुसती गाजलेली वकिली पुरत नाही

‘नामांकित वकील गाठा, प्राचार्य मिळाला’ हा समज चुकीचा आहे. वकिली आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचे २००८ चे नियम पूर्णवेळ प्राचार्य मागतात आणि पात्रता यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) लावतात. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत पीएचडी, अध्यापन-संशोधनाचा किमान १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध हवेत. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवावी लागते. चालती वकिली सोडायला कितीजण तयार होतील?

दाखला हमखास डॉ. आंबेडकरांचा देतात: बॅरिस्टर होते, १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पण १९२८ मध्ये ते तिथेच प्राध्यापक होते आणि कोलंबिया, लंडनच्या डॉक्टरेटही त्यांच्याकडे होत्या. हे मात्र कुणी सांगत नाही.