कापलेलं बोट आणि समुद्राचं पाणी

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी कूलर उतरतात. जुन्या ताट्या काढायच्या, नव्या बसवायच्या, पंप चालतो का बघायचं, आणि या धांदलीत पत्र्याच्या कडेनं कुणाचं तरी बोट कापतंच. यंदा माझ्या भाचीचं कापलं. उजव्या हाताची तर्जनी, मधल्या पेरावर तिरपी चीर. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आणि सोळा दिवसांवर तिचं तारकर्लीचं स्कूबाचं बुकिंग होतं.

“मामा, बोटाला प्लास्टिक गुंडाळून गेली तर चालते नं? का खाली पाण्याच्या दाबानं जखम उघडते?”

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि जमेल तेव्हा समुद्रात उतरतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी आवडीचा निघाला. तिला भीती होती दाबाची. खरी काळजी करायची ती भिजण्याची.

आधी दाबाचं बघू. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि तिथे दाब जमिनीवरच्या २.२ पट असतो. ऐकायला भयंकर वाटतं. पण बोट म्हणजे हाड, स्नायुबंध, रक्त आणि कातडी. यात हवेची पोकळी कुठेच नाही. कानात, सायनसमध्ये, फुप्फुसांत हवा असते, म्हणून दाबाचा त्रास तिथे होतो. बोटावर तो सगळीकडून सारखा येतो आणि आतल्या द्रवातही तेवढाच पोचतो. त्यामुळे जखमेच्या कडा दाबानं फाकत नाहीत.

दाबाचा संबंध येतो तो बोटावरच्या आवरणाशी. तिला तरणतलावाच्या काठावर बसवलं, एक रिकामी बाटली बूच घट्ट लावून घेतली आणि खोल टोकाला ३ मीटर खाली गेलो. बाटली कडकड करत चेपली. रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला नियम हाच: दाब वाढला की हवेचं आकारमान त्याच प्रमाणात घटतं. ३ मीटरवर जवळपास पाव हिस्सा कमी, १० मीटरवर निम्मं. बोटावर रबरी टोपण चढवून वर टेप गुंडाळली, तरी आत थोडी हवा राहतेच. खाली जाताना ती आकसते, टोपणाच्या घड्या कातडीला चिमटे काढतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेकडे पाणी टेपच्या कडेखालून वाट काढतं. वर येताना उरलेली हवा पुन्हा फुगते आणि सैल झालेली कड आणखी उचलते. म्हणजे आपण बांधलेलं आवरणच छोट्या पंपासारखं वागतं. टोपण घालताना टोकापासून मनगटाकडे बोट चोळत हवा काढून टाकली तर हे बरंच कमी होतं.

मग घरी बादलीचा प्रयोग केला, तोही तिच्या डाव्या हाताच्या धडधाकट बोटावर. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ घातलं की खारेपणा साधारण समुद्राइतका होतो. बोटाभोवती टिश्यूपेपरची पट्टी, त्यावर प्लास्टिक, त्यावर टेप. अर्ध्या तासानं उघडलं तर पट्टी चिंब. दुसऱ्या खेपेला नायट्राइल या कृत्रिम रबराच्या हातमोज्याचं बोट कापून चढवलं. या वेळी पट्टी नुसती दमट होती, आणि ती दमट पाण्यानं झाली की घामानं, हे सांगता येईना. कातडीला त्यानं फारसा फरक पडत नाही. हवा न लागता ती ओली राहिली, एवढं पुरे होतं.

ओली राहिल्यानं काय होतं, हे भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी करणाऱ्या बाईला विचारा. दिवसदिवस चिखलात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी आधी पांढरी पडते, मग मऊ होते, मग नुसत्या घासण्यानं सोलते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो पाणी शोषतो, फुगतो आणि त्याचा चिवटपणा जातो. धडधाकट बोटाला हे चालून जातं. नुकत्या जुळलेल्या जखमेला चालत नाही. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असा आपला समज असतो, पण तीन आठवड्यांनीसुद्धा त्या जागेची ताकद मूळच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच असते. अशी भिजलेली चीर बोटीच्या शिडीला किंवा दोराला घासली, तर पुन्हा उघडायला वेळ लागत नाही.

उघडलीच, तर आधी झोंबते. आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारेपणा लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मिठाएवढा, समुद्राचा सुमारे ३५ ग्रॅम. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, तसंच उघड्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. रक्त आलं तर ते लाल दिसेलच असं नाही. लाल प्रकाश पाणी सर्वांत आधी गिळतं, त्यामुळे खोलवर रक्त काळपट हिरवं दिसतं. टॉर्च मारला की पुन्हा लाल. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कालवाच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या, कडेनं माझाच अंगठा कापला होता आणि बोटाला शेवाळ लागलंय असं समजून मी ते पुसत बसलो होतो. गार पाण्यात बोटं बधिर होतात, त्यामुळे दुखण्याच्या भरवशावरही राहता येत नाही.

झोंबणं थांबतं. जंतूंचं तसं नाही. कोमट समुद्रात विब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, कॉलऱ्याच्या जंतूच्याच कुळातला. निरोगी माणसाला त्याची बाधा क्वचित होते, पण यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यानं उघडी जखम घेऊन समुद्रात उतरूच नये. ही बाधा काही तासांत ते एक-दोन दिवसांत भडकते आणि जिवावर बेतू शकते. दुसरा मायकोबॅक्टेरियम मरिनम, क्षयाच्या जंतूचा नातेवाईक. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो १९२६ साली सापडला. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, शरीराच्या आतली ३७ अंशांची ऊब फारशी मानवत नाही. म्हणून तो बोटासारख्या गार जागी ठाण मांडतो, आणि गाठ उठते ती काही आठवड्यांनी, जेव्हा समुद्र आपण विसरूनही गेलेलो असतो.

जखमेइतकंच बोटाचं कामही बघायला हवं. कानातला दाब जुळवायला अंगठा आणि तर्जनीनं नाक चिमटीत धरावं लागतं. “सगळं ठीक” ही खूण याच दोन बोटांची गोल करून करतात. आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ “छान” होत नाही, “वर चला” असा होतो. पट्टीमुळे अंगठा ताठ राहणाऱ्यानं हे उतरण्याआधीच इन्स्ट्रक्टरला सांगून दुसऱ्या हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. फॉर्म भरताना जखम लपवू तर अजिबात नये. बोट मुरगळलं असेल, कातडी शाबूत असेल, तर शेजारच्या बोटाला टेपनं बांधता येतं; मधे कापसाची पातळ घडी ठेवावी आणि टेप इतकीच आवळावी, की नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग लगेच परतेल. अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

पाणबुडे घालतात त्या निओप्रीनच्या, म्हणजे फोमसारख्या रबराच्या, हातमोज्यांबद्दल गैरसमज फार. त्यांच्या आत पाणी शिरतंच. ते कालवांच्या आणि खडकांच्या धारेपासून वाचवतात, ओलाव्यापासून नाही. आत घालायचं टोपण नायट्राइलचं घ्यावं, कारण व्हॅसलीनसारख्या तेलकट पदार्थानं लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, कमजोर पडतं. आणि आपल्याकडची सवय आहे तशी जखमेत हळद चेपून वर काहीही बांधू नये. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि बंद ओल्या जागेत जंतूंना आसराच मिळतो.

भाचीच्या डॉक्टरांनी टाके काढले तेव्हा चिरेचं एक टोक ज्वारीच्या दाण्याएवढं उघडं होतं. “हे मिटल्याशिवाय पाण्यात जायचं नाही,” ते म्हणाले. बुकिंग पुढे ढकलून ती मेच्या मध्यात गेली. वर आल्यावर बोट नळाखाली साबणानं धुतलं, कोरडं केलं, आणि कडा पांढऱ्या पडल्यात का ते पाहिलं. नागपूरपर्यंतचा परतीचा प्रवास जवळपास एका दिवसाचा. विब्रिओ भडकायचाच तर तो गाडीतच भडकेल, म्हणून तिनं दर चार तासांनी बोटाचा फोटो काढला: सूज, लाली वर सरकतेय का, दुखणं वाढतंय का. तसलं काही झालं नाही. दुसरा जंतू मात्र आठवडे घेतो, आणि समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या डॉक्टरांच्या मनात तो सहज येणार नाही. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता पेनानं लिहिलेलं आहे: “मेमध्ये समुद्रात उतरले होते, उजवी तर्जनी.”