ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही
दरवेळी ग्रहण आलं की फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो, गरोदर बाईने विळी-सुरीला हात लावायचा नाही, नाहीतर बाळ फाटक्या ओठाचं होतं. पुरावा काय, तर "आमच्या शेजारच्या वहिनींचं झालं ना!" अहो पण वर्षाला सूर्य-चंद्र मिळून कमीत कमी चार ग्रहणं असतात, इथून दिसोत न दिसोत, म्हणजे नऊ महिन्यांत एखादं येणारच, मग बाळात काही दोष निघाला की मागे वळून बोट दाखवायला ग्रहण तयारच असतं. ज्यांनी ग्रहणात खुशाल कांदा चिरला आणि बाळ ठणठणीत झालं त्यांची गोष्ट कोण सांगतं? आणि जी दिवसभर अंथरुणात पडून राहिली तरी बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला, तिला म्हणतात "चुकून काहीतरी कापलं असशील". म्हणजे दोन्हीकडून ग्रहणच खरं, आणि वर दोष त्या बाईच्या माथी, हे मला सगळ्यात चीड आणणारं वाटतं. बाळाचा ओठ जुळतो साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, त्यामुळे सातव्या महिन्यात आलेलं ग्रहण त्याला काय करणार? आनुवंशिकता, सिगरेट, फिट्सवरची काही औषधं ही कारणं माहीत आहेत, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आधी विचारा.